वायटूके : आगाऊ कळलेल्या संकटाची जबाबदारी कोणाची?

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. राइस मिल, विडी, तेंदूपत्ता आणि हावडा-मुंबई लोहमार्गावरील मोठे जंक्शन ही या जिल्ह्याची ओळख. नव्या जिल्ह्याच्या कार्यालयांवर पाट्या चढत होत्या, त्या वेळी जगभरातील कंपन्यांच्या संचालक मंडळांपुढे मात्र एकच तारीख उभी होती : १ जानेवारी २०००. तिला बरोबर आठ महिने उरले होते. ‘वायटूके’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या समस्येचे वैशिष्ट्य असे, की तिचा दिवस, तास आणि मिनिट सर्वांना आधीच ठाऊक होते. भूकंप सांगून येत नाही. हे संकट तारीखवार सांगून येत होते. तरीही त्याची दखल घेण्यास बहुतेक कंपन्यांना आणि सरकारांना शेवटची दोन-तीन वर्षेच उरली.

हे का घडले आणि शेवटी ते निभावले कसे, याचे उत्तर संगणकशास्त्रापेक्षा व्यवस्थापनात अधिक सापडते. आज बँक, वीजकेंद्र किंवा राइस मिल चालविणाऱ्यांसाठीही हा इतिहास उपयोगाचा आहे, कारण तशीच आणखी एक तारीख पुढे उभी आहे.

दोन अंकांची काटकसर

पन्नास-साठच्या दशकांत संगणकाची स्मृती अत्यंत महाग होती. माहिती पंचकार्डांवर नोंदवली जाई आणि एका कार्डावर ८० रकाने असत. अशा वेळी १९६५ हे वर्ष केवळ ‘६५’ असे लिहिले, की दोन रकाने वाचत. लाखो नोंदींवर ही बचत मोठी होती. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी १९९८ मध्ये सिनेटच्या समितीपुढे साक्ष देताना, आपणही तरुणपणी अशाच आज्ञावल्या लिहिल्या होत्या आणि त्या शतकाअखेरपर्यंत वापरात राहतील असे वाटले नव्हते, अशा आशयाची कबुली दिली होती.

आज्ञावल्या मात्र वापरात राहिल्या. जुन्यावर नवी, तिच्यावर आणखी नवी, असे थर चढत गेले. ‘९९’ नंतर ‘००’ आले की संगणक ते १९०० समजणार, हे उघड होते. १९९८ मध्ये ठेवलेल्या आणि २००१ मध्ये मुदत संपणाऱ्या ठेवीचा कालावधी तीन वर्षांऐवजी उणे सत्त्याण्णव वर्षे निघणार होता. औषधाची मुदत, विम्याचा हप्ता, कर्मचाऱ्याचे वय, यंत्राच्या देखभालीचे वेळापत्रक, जिथे जिथे दोन तारखांची वजाबाकी होती, तिथे तिथे चूक दबा धरून बसली होती. त्यात आणखी एक पेच होता. शंभराने भाग जाणारे वर्ष सहसा लीप वर्ष नसते, पण चारशेने भाग जात असल्याने २००० हे लीप वर्ष होते. हा दुसरा नियम काही आज्ञावल्यांना ठाऊकच नव्हता.

इशारे नव्हते असे नाही. संगणकतज्ज्ञ बॉब बेमर यांनी १९७१ मध्येच या विषयावर लिहिले होते. सप्टेंबर १९९३ मध्ये पीटर द यागर यांचा लेख ‘कॉम्प्युटरवर्ल्ड’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला आणि विषयाला वाचा फुटली. मधल्या २२ वर्षांत फारसे काही झाले नाही. कारण अगदी साधे होते. दुरुस्तीचा खर्च आजच्या व्यवस्थापकाच्या अंदाजपत्रकात पडणार आणि तिचा लाभ कोण जाणे कोणत्या व्यवस्थापकाच्या कारकिर्दीत मिळणार! शिवाय एवढा खर्च करून कंपनीच्या पदरात नवे काहीच पडत नव्हते. संगणक कालपर्यंत जे काम करीत होता तेच उद्याही करील, एवढेच. असा प्रस्ताव संगणक विभागाचा प्रमुख वर्षानुवर्षे मांडत राही आणि तो वर्षानुवर्षे पुढच्या वर्षावर ढकलला जाई. ही चूक तांत्रिक विभागाची म्हणणे अन्यायाचे ठरेल.

मध्यरात्रीआधीच पडलेल्या ठिणग्या

वायटूके म्हटले की ३१ डिसेंबरची मध्यरात्र डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात जो व्यवसाय जितका पुढचा हिशेब करतो, तितकी आधी ही अडचण त्याच्या दारात आली. दीर्घ मुदतीच्या ठेवी आणि कर्जे यांना ती सर्वांत आधी भेटली. त्यानंतर पाळी आली क्रेडिट कार्डांची. अमेरिकेत मिशिगन राज्यातील वॉरन येथे ‘प्रोड्यूस पॅलेस’ नावाचे फळे-भाजीपाल्याचे दुकान होते. २००० मध्ये मुदत संपणारे कार्ड गल्ल्यावरील यंत्रात घातले, की दुकानातील सारी गल्ला-यंत्रे बंद पडत. ग्राहक रांगेत ताटकळून निघून जात. दुकानाने १९९७ मध्ये यंत्रे पुरविणाऱ्यांवर दावा लावला. वायटूकेवरील हा पहिला खटला मानला जातो. १९९८ मध्ये अडीच लाख डॉलरवर तडजोड झाली.

एका भाजीच्या दुकानाने जगभरच्या उद्योगांना जे शिकवले ते मोठमोठ्या अहवालांनी शिकवले नव्हते. यंत्र विकत घेताना ते २००० नंतर चालेल अशी लेखी हमी घेतली होती काय, आणि नसल्यास नुकसान कोणी सोसायचे, हा प्रश्न थेट मालकापुढे आला. त्यानंतर पुरवठादारांना हमीपत्रे मागणाऱ्या पत्रांचा पूर लोटला. बरीच उत्तरे इतकी वकिली भाषेत असत, की त्यातून होकार आहे की नकार हेच कळू नये. माहिती दिल्याने उद्या खटला होईल या भीतीने कोणी बोलेना. तेव्हा ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकेने स्वतंत्र कायदाच केला आणि सज्जतेविषयी प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्याला काही प्रमाणात संरक्षण दिले. त्यापूर्वी ऑगस्टमध्ये तेथील रोखे आयोगाने, कंपन्यांनी आपल्या वायटूके सज्जतेची, खर्चाची आणि वाईटात वाईट काय घडू शकते याची माहिती भागधारकांना द्यावी, असे बजावले होते. संगणक कक्षातील गोष्ट अशा रीतीने वार्षिक अहवालात आली. भारतातही १९९८-९९ च्या वार्षिक अहवालांत अनेक कंपन्यांनी वायटूके सज्जतेवर स्वतंत्र परिच्छेद छापलेले आढळतात.

शेवटची ठिणगी २८ डिसेंबर १९९९ ची. ब्रिटनमध्ये काही हजार दुकानांतील कार्ड-यंत्रे त्या दिवशी अडली. ही यंत्रे चार कामकाजी दिवस पुढची तारीख तपासून पाहत आणि ती तारीख आता २००० मध्ये पडत होती.

प्रमुखपदी तंत्रज्ञ नव्हते

या मोहिमेतील एक बाब फारशी लक्षात घेतली जात नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये अमेरिकी अध्यक्षांनी वायटूके परिषदेच्या प्रमुखपदी जॉन कोस्किनन यांची नेमणूक केली. ते संगणकतज्ज्ञ नव्हते. कायद्याचे पदवीधर आणि डबघाईला आलेल्या कंपन्या सावरण्याचा दीर्घ अनुभव, ही त्यांची पार्श्वभूमी. भारतात १९९८ मध्ये राष्ट्रीय वायटूके कृतिदल नेमले गेले, त्याचे नेतृत्व नियोजन मंडळाचे सदस्य माँटेकसिंग अहलुवालिया यांच्याकडे होते. तेही अर्थतज्ज्ञ. दोन्ही देशांनी हे काम अशा व्यक्तींकडे सोपविले, ज्यांच्या एका दूरध्वनीने विविध खात्यांचे सचिव आणि मंडळांचे अध्यक्ष हलले असते. संकेत बदलण्यासाठी प्रोग्रामर हजारोंनी उपलब्ध होते. कोणती यंत्रणा आधी दुरुस्त करायची, कोणती बंद करून टाकायची आणि कोणत्या नव्या प्रकल्पाचे पैसे तिकडे वळवायचे, हे ठरविण्याचा अधिकार त्यांच्यापैकी कोणालाच नव्हता.

काम प्रत्यक्षात चाले ते असे. प्रथम मोजदाद. आपल्याकडे कोणकोणत्या आज्ञावल्या आणि कोणकोणती यंत्रे तारखेवर अवलंबून आहेत, याची यादी. हे वाटते तितके सोपे नव्हते. अनेक ठिकाणी मूळ आज्ञावली लिहिणारे निवृत्त झाले होते आणि मूळ संकेत सापडतच नव्हता. लिफ्ट, गजराची यंत्रणा, कारखान्यातील नियंत्रक यांच्या पोटात बसवलेल्या चिपा तर कोणाच्याच यादीत नव्हत्या. यादी झाली की निवड. सारे काही वेळेत दुरुस्त होणार नाही हे मान्य करून, कशावाचून धंदा एक दिवसही चालणार नाही ते आधी हाती घ्यायचे. हा निर्णय कडवट असे, कारण ज्याचा विभाग यादीत खाली जाई तो नाराज होई. म्हणूनच तो वरूनच यावा लागे.

दुरुस्तीचे मार्ग मुख्यतः दोन होते. वर्षाचे दोन अंक चार करणे हा पक्का, पण खर्चिक मार्ग. दुसरा स्वस्त मार्ग असा, की ‘००’ ते साधारण ‘२०’ हे अंक आले तर २००० नंतरचे शतक समजावे आणि त्यापुढील अंक आले तर विसावे. हा दुसरा मार्ग म्हणजे ठिगळ होते आणि ते लावणाऱ्यांनाही ते ठाऊक होते. तेव्हा लावलेली काही ठिगळे १ जानेवारी २०२० रोजी उसवली. न्यूयॉर्कमधील पार्किंगच्या यंत्रांनी त्या दिवशी कार्डे घेणे बंद केले.

सर्वाधिक वेळ खाल्ला तो चाचणीने. घड्याळ पुढे करून पाहणे, जुनी आणि नवी यंत्रणा समांतर चालविणे, दोन कंपन्यांच्या संगणकांत देवाणघेवाण होते तिथे दोघांनी मिळून तपासणे. याच कामाने भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी पाश्चात्त्य बँका आणि विमा कंपन्यांची दारे उघडली. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने चेन्नईत यासाठी जणू कारखानाच उभारला. पुण्या-मुंबईतील कित्येक मराठी घरांतील मुले कोबोल ही तेव्हाच जुनी ठरलेली भाषा शिकून याच काळात अमेरिकेला गेली. एका पिढीचा परदेशप्रवास दोन अंकांच्या काटकसरीवर झाला, असे म्हटले तर ती केवळ थट्टा होणार नाही.

प्रमुखांनी स्वतः किती उत्तरदायी राहावे, याचे दोन नमुने विमानवाहतुकीत दिसले. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री आपल्याच कंपनीच्या विमानात बसावे, असा आदेश चीनमध्ये विमान कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना दिल्याच्या बातम्या १९९९ च्या प्रारंभी जगभर छापून आल्या. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाच्या प्रमुख जेन गार्वी यांना कोणी आदेश दिला नव्हता. त्या रात्री त्या स्वतःहून विमानात होत्या.

ती रात्र आणि नंतरचा वाद

भारतात ३१ डिसेंबर १९९९ ला लोकांचे लक्ष संगणकांकडे नव्हतेच. कंदाहारमध्ये अडकलेले आयसी-८१४ या विमानातील ओलीस त्याच दिवशी सुटले. मध्यरात्र उलटली, दिवे चालू राहिले, गाड्या धावत राहिल्या. गोंदियासारख्या जिल्ह्यात धोका मुळातच कमी होता, कारण त्या काळी ग्रामीण भागातील बँक शाखांच्या खतावण्या बहुतांशी हातानेच लिहिल्या जात. मागासलेपणाने दिलेले हे संरक्षण होते. ते पुन्हा मिळणार नाही.

अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या अंदाजानुसार त्या एका देशाने या कामी सुमारे १०० अब्ज डॉलर खर्च केले होते. एवढे करून काहीच घडले नाही, तेव्हा हा सारा सॉफ्टवेअर कंपन्यांनी उठविलेला बागुलबुवा होता, असा आरोप जानेवारीतच सुरू झाला. ज्या देशांनी फारसा खर्च केला नाही तेही सुखरूप राहिले, हा त्यातील सर्वांत बळकट मुद्दा. त्यात तथ्य आहे आणि काही ठिकाणी खर्च अवाजवी झाला हेही खरे. पण मोठ्या उत्पादकांनी दुरुस्त केलेल्या प्रणाली जगभर सर्वांनाच मिळाल्या, त्याचा लाभ खर्च न करणाऱ्यांनाही झाला. शिवाय उशिरा जागे झालेल्यांचे संगणकीकरणही तुलनेने कमी होते.

‘काहीच घडले नाही’ हेही पूर्ण सत्य नाही. अमेरिकेच्या हेर उपग्रहांची माहिती वाचणारी जमिनीवरील यंत्रणा त्या रात्री कोलमडली. २९ फेब्रुवारीला जपानमधील टपाल कार्यालयांतील अनेक रोख यंत्रे बंद पडली. सर्वांत क्लेशदायक प्रकार इंग्लंडमधील शेफिल्डचा. तेथील रुग्णालयाचा संगणक गर्भवती महिलांचे वय चुकीचे मोजू लागला आणि बाळाला डाऊन्स सिंड्रोम असण्याचा धोका किती, हे त्या वयावरून ठरत होते. जानेवारी ते मे २००० या काळात १५४ महिलांना चुकीचा निष्कर्ष कळविला गेला. यंत्र बंद पडले नव्हते. ते व्यवस्थित चालू होते आणि चुकीचे सांगत होते. बंद पडलेले यंत्र निदान लगेच कळते.

आता प्रश्न इथला

१९९९ चा गोंदिया आणि आजचा गोंदिया यांत मोठे अंतर आहे. तिरोड्यात प्रत्येकी ६६० मेगावॉटच्या पाच संचांचे ३,३०० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र २०१२ ते २०१४ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाले. राइस मिलमध्ये तांदळाचा रंग पाहून दाणा वेगळा करणारी सॉर्टेक्स यंत्रे आली, वजनकाटे संगणकाला जोडले गेले. धान विकणाऱ्या शेतकऱ्याची नोंदणी ऑनलाइन होते आणि चुकारा थेट बँक खात्यात जमा होतो. यातील कोणताही दुवा हंगामात चार दिवस तुटला, तर त्याची झळ थेट खळ्यापर्यंत पोहोचते.

दुवा आपल्या ताब्यातला नसला तरी तुटू शकतो, याचा प्रत्यय ३१ जुलै २०२४ रोजी आला. सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी प्रामुख्याने सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना संगणकीय सेवा पुरविते. तेथे खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाल्याचे कळताच राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला आपल्या जाळ्यापासून तात्पुरते तोडले आणि देशातील सुमारे ३०० लहान बँकांचे ग्राहक देयक व्यवहारांपासून वंचित झाले. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. या बँकांपैकी बहुतेकींच्या संचालकांना आपला सारा कारभार कोणत्या एका धाग्यावर लटकला आहे, याची त्या दिवसापूर्वी कितपत कल्पना होती, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

रिझर्व्ह बँकेने जबाबदारीचा प्रश्न त्याआधीच निकालात काढला होता. डिजिटल सेवा वारंवार खंडित होत असल्याने डिसेंबर २०२० मध्ये तिने एचडीएफसी बँकेला नवे डिजिटल उपक्रम आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यास मनाई केली. त्याच आदेशात, त्रुटी कोठे राहिल्या ते बँकेच्या संचालक मंडळाने तपासावे आणि जबाबदारी निश्चित करावी, असे बजावले होते. हे निर्बंध पूर्णपणे उठण्यास मार्च २०२२ उजाडले. एप्रिल २०२४ मध्ये कोटक महिंद्र बँकेवरही तशीच वेळ आली. नोव्हेंबर २०२३ च्या निर्देशांनी तर व्यापारी बँकांच्या संचालक मंडळांवर माहिती तंत्रज्ञानाच्या देखरेखीचे कर्तव्य नियमानेच टाकले आहे.

पुढची तारीख

मंगळवार, १९ जानेवारी २०३८. भारतीय वेळेनुसार सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद. असंख्य संगणक वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद उलटले, या हिशेबाने. ही संख्या ज्या जुन्या प्रणालींत ३२ बिटांच्या खणात ठेवली जाते, तेथे ती २,१४७,४८३,६४७ च्या पुढे जाऊ शकत नाही. खण भरला की पुढच्या सेकंदाला काटा उलटून डिसेंबर १९०१ दाखवू शकतो. नव्या ६४ बिटांच्या प्रणालींना ही अडचण नाही आणि लिनक्सने मार्च २०२० मधील आवृत्तीपासून ३२ बिटांच्या यंत्रांसाठीही सोय केली आहे. प्रश्न आहे तो कारखान्यांत, उपकेंद्रांत, मीटरमध्ये, पंपांवर एकदा बसविले की दोन-दोन दशके कोणी न उघडणाऱ्या नियंत्रकांचा.

दीर्घ मुदतीचा हिशेब करणाऱ्यांच्या दारात ही तारीखही आधीच येऊन ठेपली आहे. २०१८ मध्ये दिलेले वीस वर्षांचे गृहकर्ज २०३८ मध्ये संपते. औष्णिक वीजकेंद्राचे आयुष्य साधारणतः २५ वर्षे धरले जाते, म्हणजे तिरोड्यातील बहुतेक संच ती सकाळ ओलांडून पुढे चालणार आहेत. आज घेतलेला वजनकाटा किंवा सॉर्टेक्स यंत्र नीट सांभाळले तर तोवर टिकू शकते. राइस मिलच्या मालकाने यासाठी संगणक शिकण्याची गरज नाही. खरेदीच्या करारात २०३८ चा उल्लेख आहे काय, पुरवठादार कंपनी बंद झाली तर यंत्रातील आज्ञावली कोण दुरुस्त करणार, आणि यंत्र अडल्यास त्या दिवशीचे धान कसे मोजायचे, एवढे त्याने विचारले तरी पुरे. सहकारी बँकेच्या अध्यक्षांनाही हेच लागू आहे. संगणक सेवा पुरविणाऱ्या कंपनीशी होणारा करार त्यांच्याच सहीने होतो, आणि त्याचे नूतनीकरण दर काही वर्षांनी संचालक मंडळाच्या बैठकीपुढे येतच असते.